नावांवरील कोट्या आणि उसने कान

उच्चारसाम्याने माणसाची किती फजिती होते, हे आम्हां शेगावकरांस कोणी शिकवावयास नको. बुलढाणा जिल्ह्यातील आमचे शेगाव आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव ह्यांत अवघ्या एका 'व'चे अंतर. आणि आमच्याच जिल्ह्यातील जळगावास तर खानदेशातील थोरल्या जळगावापासून आपले वेगळेपण राखण्यासाठी 'जामोद' हे नाव कायमचे मागे बाळगावे लागते. अशा मुलुखातील लोकांनी शब्दांच्या नादावर रचलेल्या कोड्यांस तुच्छ लेखावे, हे एक नवल. आणि ज्यांस ती आवडतात त्यांनी ती परक्याच्या कानांनी ऐकावी, हे दुसरे. ही दोन्ही नवले आज आमच्या सुशिक्षित घरांतून सुखाने नांदत आहेत.

सुट्टीत मुले एकत्र जमली म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या नावांची कोडी घालण्याची रीत इंग्रजी पुस्तकांतून व शाळांतून आता घरात शिरली आहे. महिन्याचे नाव धारण करणारी पंतप्रधान कोण? मे. रंगाचे नाव कोणाचे? ब्राउन. लष्करातील हुद्दा कोणाच्या नावात? मेजर. ओसाड माळ कोणाच्या? हीथ. मुले पटापट उत्तरे देतात आणि वडील मंडळी कृतार्थ होतात. ह्यावर एक पक्ष म्हणतो, 'काय हा पोरखेळ! त्यापेक्षा चार गणिते सोडवा.' दुसरा म्हणतो, 'वा! इंग्रजीही होते आणि इतिहासही होतो.' आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले आहेत.

प्रथम पोरखेळ म्हणणाऱ्यांचा समाचार घेऊ. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार वर्णिले आणि त्यांचे उपयोगही सांगितले: गोष्टीविनोदात रंग भरणे, गर्दीतही जाणत्यांशी गुप्तपणे बोलणे आणि इतरांस चकविणे. आमच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून लिहिलेले 'निरोष्ठ रामायण'ही आहे. तो पोरखेळ होता काय? पतीचे नाव उघड घ्यावयाचे नाही आणि घेतल्यावाचून सुटका नाही, अशा पेचातून उखाणा हा अर्धे लपविणारा व अर्धे उघड करणारा प्रकार आमच्या बायकांनी सिद्ध केला. आणि फार दूर कशाला? श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) ह्यांनी खामगावास आणि जळगाव-जामोदला वकिली केली. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारा हा कोटीबाज लेखक ज्या जिल्ह्यात वावरला, त्या जिल्ह्यात कोटीस हलके मानणे म्हणजे आपल्याच अंगणातील विहीर बुजविण्यासारखे आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ह्यांच्या मुखांतून त्यांनी रूढींची जी खरडपट्टी काढली, ती गंभीर निबंधांनी कितपत साधली असती?

कोड्यांस एकदा जुगाराची कळा आली होती, हे खरे. बक्षिसांच्या शब्दकोड्यांपायी लोकांचा पैसा इतका वाहू लागला की, 1955 साली मध्यवर्ती सरकारास कायदा करून महिन्याकाठी एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांस बंदी घालावी लागली. परंतु तो दोष लोभाचा, कोड्याचा नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. आमचा खरा वाद त्याच्याशी आहे. मे, ब्राउन, मेजर ही कोडी इंग्रजांच्या घरात शोभतात, कारण त्यांची आडनावे हेच त्यांच्या भाषेतील रोजचे शब्द आहेत. त्यांच्या लिपीत लिहिणे एक आणि बोलणे एक असल्यामुळे सारख्या नादाचे पण निराळ्या लेखनाचे शब्दही तेथे पावलोपावली भेटतात. मराठीची प्रकृती निराळी. आमची लिपी बरीचशी उच्चारामागून चालते. म्हणून आमच्या श्लेषास शब्द फोडावा लागतो, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या किंवा एखाद्या वर्णाच्या फरकाकडे कानाडोळा करावा लागतो. साहित्यशास्त्रात सभंग आणि अभंग श्लेष असा भेद केलेला आहे, तो ह्याच कारणाने. मराठी मूल इंग्रजी कोडे सोडविते, तेव्हा त्याचा कान काम करीतच नाही. काम करते ते पाठ केलेले शब्दार्थांचे कोष्टक. त्यात नाद नाही, शोध नाही आणि हसू तर नाहीच. असते ते केवळ वडिलांच्या संतोषासाठी केलेले पाठांतर.

हेच राज्यकर्ते मराठी कानाने ऐका म्हणजे काय होते ते पाहा. 'चर्चणे' ह्या धातूचे भविष्यकाळी रूप 'चर्चील'. तेव्हा विचारावे, कोणत्या पंतप्रधानाचे नाव चर्चेचे वचन देते आणि करणी ते मोडते? उत्तर अर्थात चर्चिल. 1942 च्या मार्चमध्ये क्रिप्स ह्यांस बोलणी करावयास पाठविले, ती फिसकटली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींसह सारे पुढारी तुरुंगात गेले. दुसरे कोडे: साम्राज्याची नदी कोणाच्या कारकिर्दीत आटली? ॲटली ह्यांच्या. 20 फेब्रुवारी 1947 रोजी त्यांनी पुढील वर्षीच्या जूनपर्यंत सत्ता सोडण्याचे जाहीर केले. ती प्रत्यक्षात 15 ऑगस्टलाच सुटली. पण हुशार मूल येथे थांबणार नाही. नदी आपोआप आटली की कोणी तिचे पाणी तोडले, असे ते विचारील. आणि ज्या कोड्यातून असा प्रश्न निघतो, ते कोडे एका धड्याच्या बरोबरीचे आहे.

आता खास वऱ्हाडचे कोडे घ्या. कर्झन पंतप्रधान झाले नाहीत. 1923 साली ते पद त्यांच्या हाताशी येऊन बाल्डविन ह्यांच्याकडे गेले. परंतु व्हाइसरॉय म्हणून आमच्या प्रांताच्या नशिबावर त्यांनी मोठी मोहर उठविली. त्यांचे नाव फोडले की 'कर्ज-न' असे होते. हैदराबादच्या पलटणीचा खर्च आणि थकलेले कर्ज ह्यांपायी 1853 साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. म्हणजे आमचा मुलूख एका कर्जाचा जामीन होता. पुढे 1902 साली कर्झन ह्यांनी निजामाशी नवा करार केला आणि सालाना पंचवीस लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. कर्जाची सबब गेली, पण मुलूख परत गेला नाही. कर्ज न, आणि वऱ्हाडही न! शेगावातील किती मुलांस ही हकीकत ठाऊक आहे? लंडनच्या हीथचा अर्थ माळरान, हे मात्र सर्वांच्या जिभेवर.

प्रांताप्रांतांच्या बोलीचाही ह्यात हात असतो. लंडनची नवी पोलीसव्यवस्था 1829 साली उभारणारे रॉबर्ट पील पुणेकराच्या कानास मिशीचा किंवा दोरीचा पीळ आठवून देतील; पण आमच्या वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा 'डोया' होतो तसा पिळाचा 'पीय' होतो, आणि कोटी तेथल्या तेथे विरते. हा तोटा नव्हे. कोटी फसली की आपली बोली कशी वळते हे मुलास कळते, आणि हे ज्ञान उसन्या कोड्यातून कधीही मिळावयाचे नाही.

तथापि नादाच्या मागे धावताना एक पथ्य पाळलेच पाहिजे. 2022 च्या ऑक्टोबरात ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेव्हा 'शुनक' म्हणजे कुत्रा हा संस्कृत अर्थ काढून हसण्याचा मोह अनेकांस आवरला नसेल. परंतु शुनक नावाचे एक ऋषीही होऊन गेले. महाभारताच्या आदिपर्वात त्यांचा वंश सांगितला आहे: सर्पदंशाने मेलेल्या प्रमद्वरेस आपले अर्धे आयुष्य देऊन उठविणारा रुरू, आणि त्या दोघांचा पुत्र शुनक. नाद एकच, त्यातून एक वाट कुचेष्टेकडे जाते आणि दुसरी महाभारताकडे. पहिल्या वाटेने गेलेल्यास वाटते की आपण राज्यकर्त्यावर टीका केली. प्रत्यक्षात त्याने राज्यकर्त्याच्या एकाही कृत्यास हात लावलेला नसतो. नाव हे माणसास जन्माने मिळते, कारभार मात्र त्याने स्वतः केलेला असतो. कोटीने नावाचा दरवाजा ठोठवावा आणि कारभाराच्या घरात शिरावे. दारावरच चिखल फेकून परतणे ही कोटी नव्हे.

कोणी म्हणेल, 'स्पर्धापरीक्षांच्या ह्या दिवसांत मुलांस इंग्रजी कोडीच उपयोगी. मराठीच्या कोट्या करून काय पदरात पडणार?' ह्यास आमचे उत्तर सरळ आहे. मे किंवा मेजर ही नावे परीक्षेस लागतील तेव्हा मुले ती एका दुपारी पाठ करतील. त्यासाठी दिवाणखान्यात मेळा भरविण्याचे कारण नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ओळखणारा, शब्द कोठे फुटतो हे हेरणारा आणि नादामागे अर्थ शोधणारा कान बाळपणी घडला नाही, तर पुढे कोणत्याही शिकवणीने घडत नाही. ज्याचा हा कान तयार आहे, त्यास सभेतील वक्त्याचा शब्दच्छलही लगेच ओळखता येतो; लोकसत्ताक राज्यातील नागरिकास ह्याहून उपयोगी शिक्षण कोणते?

म्हणून कोडी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ती वाढवा, असेच आमचे सांगणे आहे. मात्र तीन अटी असाव्यात: कोडे आपल्या भाषेच्या नादातून निघावे, उत्तरामागे एखादी खरी घडलेली गोष्ट असावी, आणि हसे झालेच तर ते कृतीचे व्हावे, जन्मनावाचे नव्हे. पुढील सुट्टीत वडील मंडळींनी मुलांस एवढेच विचारून पाहावे: वऱ्हाड कोणत्या लाटाच्या नावात दडला आहे? मुलांस उत्तर आले तर उत्तमच. न आले तर ते सांगण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर राहील, आणि त्यासाठी त्यांस स्वतःच थोडे वाचावे लागेल.