पहिल्या पावसाचं काळं पाणी

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,

या काळ्या पाण्याबद्दल तीन अर्ज दिले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. आता चौथा अर्ज नाही, हे पत्र.

मृगाची पहिली सर पडली की कोहमाऱ्याजवळ महामार्ग 53 च्या मोरीखाली हात घालून बघा. काळा गाळ बोटांना चिकटतो, चोळला की रबराच्या बारीक शेवया वळतात. उन्हाळाभर झिजलेले टायर ते. हा गाळ बोडीत उतरतो, आणि त्याच दिवसांत मासे अंडी घालायला नव्या पाण्यावर चढतात. आम्हा ढिवरांचं वर्ष त्या अंड्यांवर असतं.

टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात 6पीपीडी घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं 6पीपीडी-क्विनोन बनतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यांत चढलेले कोहो सॅल्मन अंडी घालण्याआधीच मरायचे. त्याचं कारण हेच रसायन, हे डिसेंबर 2020 मध्ये सिद्ध झालं. लिटरभर पाण्यात 95 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक कोटीवा भागही नाही, एवढ्याने कोहोची निम्मी पिल्लं मरतात. चम सॅल्मन मात्र त्याच पाण्यात तगतो. मग आमची मरळ, रोहू, कतला यांचं काय? आमच्या बोडीचं पाणी कोणी तपासलं?

अमेरिकेतल्या तीन आदिवासी जमातींनी या रसायनाविरुद्ध ऑगस्ट 2023 मध्ये अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला. तीन महिन्यांत! युरोपने 2024 च्या युरो 7 कायद्यात टायरच्या झिजेलाही मर्यादा आणली. आपल्या मंत्रालयाने 2022 मध्ये टायरला निकष लावले ते तीन: गाडी धावताना टायरला होणारा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. झीज का सोडली? इंधन वाचावं, गाडी घसरू नये, कानाला त्रास होऊ नये, एवढं सगळं सुचलं. पाणी तेवढं सुचलं नाही. आपण नागपूरचे, बोडी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायची पाळी आमच्यावर यावी?

उपाय अवघड नाही. रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तेव्हा त्यात कोहो जगले. मासुलकसा घाटापासून सौंदडपर्यंत प्रत्येक मोरीच्या तोंडाशी अशा थरांचा खड्डा करा. झिजेचा निकष लावा. आणि येत्या मृगात पहिल्या सरीचं पाणी बाटलीत भरून न्यायला कोण येणार, ते लेखी कळवा. मोरी दाखवायला मी उभा राहीन.

सडक अर्जुनी तालुक्यातला एक ढिवर