मोफत, मुक्त आणि कोराडीचा ढग

मराठी साहित्याच्या वर्गात आशय आणि अभिव्यक्ती यांवर तासन्‌तास बोलणारी आपली मंडळी ती अभिव्यक्ती ज्या यंत्रावर साठते त्याविषयी एक वाक्यही बोलत नाहीत, ही गोष्ट आम्हांला फार दिवस खटकत होती. विषय काढला की ठरलेले उत्तर येते : ‘तो तांत्रिक भाग झाला, आपला प्रांत नव्हे.’ हे उत्तर आळशी आहे आणि घातकही आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी एका जुन्या संगणकाची हकीकत सांगणे भाग आहे.

कोराडीत आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षे एकमेकांचे लेख वाचतो, खोडतो, पुन्हा लिहितो. हे सारे लेखन एका मोफत सेवेवर ठेवलेले होते. ती सेवा बंद झाली. बंद होण्याची सूचना रीतसर आली होती. आम्हीच ती वाचली नाही. निम्मे लेख कुणाच्या तरी टपालपेटीत सापडले, उरलेले गेले. दोष सेवेला देण्यात अर्थ नाही. आपल्या पिढीने जिओसिटीज २००९ साली, ऑर्कुट २०१४ साली आणि याहू ग्रुप्स २०२० साली मिटताना पाहिले आहे. तिन्ही वेळा आपण हळहळलो आणि तसेच नवे बिऱ्हाड शोधायला निघालो.

या वेळी आम्ही भंगारात निघालेला एक संगणक घरी आणला. दोन गाभ्यांचा ६४-बिट प्रोसेसर, दोन जीबी स्मृती, १६० जीबीची डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘म्हातारी’ ठरली. आमचे यंत्र तर त्याहूनही जुने. झाकण उघडून धूळ काढली, पंखा साफ केला, मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बदलली. बॅटरी मेलेली असली की यंत्राचे घड्याळ भलत्याच वर्षात अडकून राहते. मग आजची प्रमाणपत्रे त्याला भविष्यातली वाटतात आणि ते ती नाकारते. आपल्या काही समीक्षकांची स्थिती याहून वेगळी नाही. पण ते असो.

त्यावर आम्ही डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली. १९९३ साली सुरू झालेली ही प्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. पेन ड्राइव्हवर प्रतिमा उतरवली, बायॉसमध्ये तो आधी वाचण्याचा क्रम लावला आणि इन्स्टॉलर सुरू झाला. भाषांच्या यादीत मराठी होती. कुणीतरी, कधीतरी, नाव न मिरवता, ती वाक्ये मराठीत आणून ठेवली आहेत. ‘तिथे सगळे इंग्रजीच असते’ असे सांगणाऱ्या किती प्राध्यापकांनी ती यादी उघडून पाहिली आहे?

मात्र खरी मेख पुढे होती. सर्व्हरला चित्रमय पडदा लागत नाही; काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे उमटली की झाले. त्या कन्सोलच्या अक्षरसाच्यात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची सोय नाही. त्यामुळे मराठी केवळ चित्रमय इन्स्टॉलरमध्ये दिसते. साध्या कन्सोलवर ती दिसत नाही. आम्ही ‘मराठी’ नावाची फाइल केली. पाच चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा बाइट. सगळे डिस्कवर अचूक नोंदले गेले. पडद्यावर मात्र निरर्थक चौकोन उमटले. दुसऱ्या संगणकावरून तीच फाइल उघडली तर ‘मराठी’ लख्ख दिसली. भाषा शाबूत होती, ती दाखवणारा डोळा तेवढा तिथे नव्हता. साहित्याच्या विद्यार्थ्याला साठवण आणि दर्शन यांतला भेद यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

हा भेद विदर्भाला नवा नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. पोथ्या शेकडो वर्षे जपल्या गेल्या, पण पंथाबाहेर त्या कुणाला वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि भावे यांच्या प्रयत्नांतून ती किल्ली उघड झाली आणि मराठी गद्याच्या इतिहासाला वेगळा आरंभ मिळाला. आज आपल्या विभागांच्या कपाटांत युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या फायली पडून आहेत. तो फाँट नसेल तर तो मजकूर कचरा दिसतो. हीही सकळ लिपीच. फरक एवढाच की महानुभावांनी ती श्रद्धेने, जाणूनबुजून स्वीकारली होती आणि आपण ती सोयीपोटी, न कळत. त्यांच्याकडे नकलांची परंपरा होती. मूळ लीळाचरित्र धामधुमीत हरवले आणि शिष्यांनी ते आठवणीतून पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. आपल्याकडे आठवणही नाही आणि नक्कलही नाही.

आपल्या दुरवस्थेचे मूळ एका शब्दात आहे. इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना तो भेद समजावताना आयुष्य खर्ची घालावे लागले. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. तरीही आपण मोफत मिळाले त्याला मुक्त समजलो! लायनस टोरवाल्ड्‌स यांचे लिनक्स १९९१ साली आले आणि १९९२ पासून ते ज्या परवान्याखाली आहे तो वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतो. मोफत सेवा यांपैकी फक्त वापर देते, तोही तिची मर्जी असेपर्यंत.

१९५४ साली चित्रे, कोलटकर आणि समर्थ यांनी ‘शब्द’ काढले ते चक्रमुद्रित होते. लघुअनियतकालिकांवर प्रबंध लिहिणारे आपण हे विसरतो की ती चळवळ जशी शैलीची होती तशीच यंत्र हाती घेण्याचीही होती. शाई हाताला लागत होती. तिचा वारसा सांगणाऱ्यांनी आपले सारे लेखन परक्या ओसरीवर ठेवावे आणि वर प्रस्थापितविरोधाच्या गोष्टी कराव्यात, हे आम्हांला विसंगत वाटते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि कोराडीत राहून तो टाळता येणार नाही. जुना संगणक वीज खातो. आमचा साधारण ६० वॉट घेतो. अहोरात्र चालवला तर वर्षाला सव्वापाचशे युनिट. एका युनिटमागे सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर तीनशे किलोंहून अधिक कोळसा केवळ आमच्या लेखांसाठी जळेल. कोराडीचे १९७४ पासून उभे राहिलेले १२० मेगावॉटचे संच बंद झाले आणि ६६० मेगावॉटचे तीन नवे संच आले, ते जुने यंत्र इंधन जास्त खाते म्हणूनही. जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. म्हणून आमचा सर्व्हर संध्याकाळी दोन तास चालतो, नकला काढतो आणि झोपतो. वर्षाचा हिशेब पन्नास युनिटांच्या आत येतो.

पण हा हिशेब आम्हांला करता आला, कारण यंत्र समोर होते. ‘क्लाउड’ या शब्दाने तो हिशेब नजरेआड होतो. रामटेकच्या परिसरात वाढलेल्यांना मेघावर निरोप सोपवण्याची कल्पना मोहक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यक्षाने मेघाला वाट समजावून सांगितली होती. आपण आपला निरोप कुठे जातो, कोण ठेवतो, केव्हा पुसतो, हे विचारतही नाही. शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे ढग आम्ही रोज पाहतो. प्रत्येक ढगाखाली एक भट्टी असते, एवढे आम्हांला ठाऊक आहे.

प्रत्येक प्राध्यापकाने सर्व्हर चालवावा, असा आमचा आग्रह नाही. मागणी माफक आहे. प्रत्येक मराठी विभागाने एक जुने यंत्र भंगारात देण्याआधी थांबावे. त्यावर मुक्त प्रणाली बसवावी. विभागाच्या नियतकालिकांची, प्रबंधांची, जुन्या फाँटांतल्या फायलींची युनिकोड प्रत तिथे ठेवावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी. विद्यार्थ्यांना एका दुपारी हे काम करू द्यावे. पाठचिकित्सेचा पाठ त्यातच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. अभिजात भाषेच्या लोकांना स्वतःचे गेल्या पंधरा वर्षांतले लेखन दाखवता येऊ नये, याची लाज मात्र कुणाला वाटल्याचे दिसले नाही.

आमचे गेलेले लेख परत येणार नाहीत. त्यांत चांगले किती होते, हाही वादाचा विषय आहे. तो वाद घालायला तरी ते असायला हवे होते.