करून पाहू : खाडीवरचे दिवे

बालमित्रांनो, मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेलच. समुद्राला बिलगून गेलेला साधारण साडेतीन किलोमीटरचा वळणदार रस्ता आणि त्यावर दिव्यांची माळ! म्हणून तर त्याला ‘राणीचा हार’ म्हणतात. २०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा हाराचं सोनं गेलं म्हणून मुंबईकर केवढे हळहळले!

आपल्या आगरदांड्याला असा हार नाही. पण संध्याकाळी जेटीवरून खाडीपलीकडे पाहा. दिघी बंदराचे दिवे लागतात आणि पाण्यात त्यांच्या लांबच लांब रेघा उतरतात. दिवा तर एवढासा, मग रेघ इतकी लांब कशी? अहो, लाटा म्हणजे हजारो हलते आरसे! प्रत्येक आरसा वेगळा कललेला. त्यामुळे एकाच दिव्याची कितीतरी प्रतिबिंबं एकाखाली एक दिसतात.

‘बाई, रात्रीचा फोटो हललेलाच येतो,’ ही वर्गातली नेहमीची तक्रार. नळाची धार बारीक असली की हंडा भरायला वेळ लागतो ना? उजेड कमी असला की कॅमेऱ्याचंही तसंच होतं. दुपारी सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात होणारं काम रात्री चार-पाच सेकंद घेतं. तेवढ्यात हात हलला की झालं! मोबाइलचा ‘नाइट मोड’ही असाच काही सेकंद उजेड गोळा करतो. म्हणून तांदळाची पुरचुंडी कठड्यावर ठेवा, तिला मोबाइल टेकवा, टायमर लावा आणि हात काढून घ्या. फेरीबोटीत मात्र हे जमायचं नाही, बोटच डुलते! सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी फोटो घ्या. तेव्हा आभाळ गडद निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात.

आता एक गंमत. नियमाप्रमाणे बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. नुसता लाल दिसला तर बोट तुमच्या डावीकडे चाललीय, नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. आणि दोन्ही दिसले तर? ती सरळ तुमच्याकडेच येतेय!

तांडेल रात्री याच दिव्यांवरून वाट ओळखतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. अशा वेळी कुणी फ्लॅश मारला तर त्याच्यापुढे क्षणभर नुसता काळोख. समोर खडक असला, दुसरी होडी असली तर? शिवाय फ्लॅशचा उजेड जेमतेम चार-पाच मीटर पोचतो. पलीकडच्या दिव्यांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा येणाऱ्या होडीवर फ्लॅश नाही म्हणजे नाही!

पालकांनो, मुलांना एकटं पाठवू नका. जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाय सटकतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, म्हणून काल कोरडी असलेली पायरी आज त्याच वेळी कोरडी असेलच असं नाही. घरात किंवा शेजारी कुणी दर्यावर्दी असेल तर त्यांना आधी विचारा आणि कठड्याच्या आतच थांबा.

तर मग मुलांनो, एकाच जागेवरून दोन फोटो काढा. एक वारा पडलेला असताना, दुसरा वारा सुटलेला असताना. पाण्यातली रेघ कधी जास्त पसरते, ते वहीत लिहून ठेवा बरं का!