पडल्यावर ‘काही झाले नाही’ म्हणण्यापूर्वी

वाचकहो, मोटारींच्या शर्यतीचा आणि या सदराचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. घरातील नातवंडे शनिवार-रविवारी दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वनची शर्यत लावून बसतात, तेव्हा त्या आवाजाला कंटाळून आपण बहुधा आतल्या खोलीत निघून जातो. परंतु या खेळात चालकाकडून चूक होणार, गाडी आदळणार, हे आधीच गृहीत धरलेले असते. म्हणूनच, अपघात झाल्यावर पुढे काय करावयाचे याचा तेथे फार बारकाईने विचार झालेला आहे. उतारवयातील पडण्याविषयी आपणही तसा विचार करावयास हवा.

मे २०२१ मधील मोनाको येथील शर्यतीचे उदाहरण घेऊ. ही शर्यत शहराच्या नित्याच्या रस्त्यांवर होते. रस्ते अरुंद आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, त्यामुळे चुकीला जागाच नाही. २२ मे रोजी, शनिवारी, अखेरच्या सराव सत्रात मिक शूमाकर याची गाडी आदळली. ती वेळेत दुरुस्त न झाल्याने त्याला पात्रता फेरीत उतरताच आले नाही. त्याच पात्रता फेरीच्या शेवटच्या क्षणी मोनाकोचाच सुपुत्र, फेरारी संघाचा शार्ल लक्लेर, जलतरण तलावाजवळच्या वळणावर कठड्याला घासून पुढे जोरात आदळला. आधीची त्याची वेळ सर्वांत उत्तम असल्याने पहिल्या क्रमांकाची जागा मात्र त्याच्याकडेच राहिली.

आता संघापुढे प्रश्न होता तो गिअरबॉक्सचा. तो बदलला असता तर नियमानुसार लक्लेरला पाच स्थाने मागे जावे लागले असते. तंत्रज्ञांनी गिअरबॉक्स तपासला. त्यात गंभीर बिघाड आढळला नाही, म्हणून तोच ठेवण्याचा निर्णय झाला. रविवारी शर्यतीपूर्वी गाडी आरंभरेषेकडे जात असतानाच बंद पडण्याच्या बेतास आली. बिघाड गिअरबॉक्समध्ये नव्हताच. चाकाला गती देणारा दांडा जेथे जोडलेला असतो, त्या डाव्या बाजूच्या भागात तो निघाला. लक्लेर त्या दिवशी शर्यतीत उतरू शकला नाही. पहिल्या क्रमांकाची जागा रिकामी राहिली आणि मॅक्स व्हर्स्टॅपन याने शर्यत जिंकली.

यंत्राची ही गोष्ट माणसाच्या बाबतीतही घडते. मार्च २०१६ मध्ये मेलबर्न येथे फर्नांडो अलोन्सो याची गाडी दुसऱ्या गाडीला लागून हवेत उलटीपालटी झाली आणि तिचा चुराडा झाला. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. आई घरी दूरचित्रवाणीवर पाहत असेल, तिला आपण सुखरूप दिसावे म्हणून आपण त्वरेने बाहेर पडलो, असे त्याने नंतर सांगितले. वैद्यकीय केंद्रात तपासणी होऊन त्याला जाऊही देण्यात आले. वेदना सुरू झाल्यावर पुढील तपासणीत मात्र बरगड्यांना अस्थिभंग आणि फुप्फुसाला इजा झाल्याचे आढळले. दोन आठवड्यांनंतरच्या बहारीन येथील शर्यतीत उतरण्यास डॉक्टरांनी त्याला मनाई केली.

वाचकहो, अलोन्सोने आईसाठी जे केले, तेच आपल्यापैकी अनेकजण मुलांसाठी करतात. न्हाणीघरात पाय घसरतो, कोणी धावत येते आणि आपण उठता उठताच म्हणतो, ‘काही नाही, काही झाले नाही.’ यात धीर असतो, माया असते आणि थोडी लाजही असते. परंतु या शब्दांना तपासणी मानता येत नाही.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. वयानुसार मेंदूचा आकार किंचित कमी होतो. त्यामुळे मेंदू आणि कवटी यांमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या ताणलेल्या राहतात व साध्या धक्क्यानेही त्यांना इजा पोहोचू शकते. तेथे रक्त थेंबाथेंबाने साठत जाते आणि लक्षणे कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात. डोके दुखणे, गुंगी, बोलण्यात विसंगती, चालताना तोल जाणे, एका बाजूच्या हातापायातील शक्ती कमी होणे ही ती लक्षणे होत. तोपर्यंत पडण्याचा प्रसंग घरातील सर्वजण विसरलेले असतात आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून या लक्षणांकडे दुर्लक्ष होते. वेळीच निदान झाल्यास हा विकार बहुतेकदा बरा होण्यासारखा असतो, म्हणून ही चूक अधिकच महाग पडते.

खुब्याचेही तसेच आहे. खुब्याचे हाड मोडले म्हणजे माणूस उभाच राहू शकत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात हाडाला केवळ तडा गेला असेल तर काहीजण लंगडत का होईना, चालतात. पहिल्या क्ष-किरण चित्रात असा तडा कधी दिसतही नाही. जांघेतील किंवा मांडीतील दुखणे कायम राहिले, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवून पुढील तपासणीविषयी विचारावे. बरगडी दुखावली असेल तर वेदनेच्या भयाने श्वास उथळ घेतला जातो व त्यातून फुप्फुसांत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, घाई टाळावी. मोनाकोच्या त्याच शर्यतीत मर्सिडीज संघाचा वाल्तेरी बोत्तास दुसऱ्या स्थानी होता. चाक बदलताना नट काढण्याचे यंत्र किंचित तिरके बसले, नटाचे कंगोरेच झिजून गेले आणि चाक निघेना. शर्यत तेथेच संपली; गाडी कारखान्यात परत नेल्यावरच ते चाक निघाले. पडलेल्या माणसाला दोन्ही बगलांत हात घालून झटकन उचलणे हेही असेच आहे. आधी त्यांना पडल्या जागी शांत राहू द्यावे. मान, पाठ किंवा खुबा दुखतो का, हातपाय हलतात का, हे विचारावे. तीव्र वेदना असेल, पाय आखूड वा बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर त्यांना हलवू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसे काही नसेल, तर कुशीवर वळून, हात व गुडघे टेकून, भक्कम खुर्चीच्या आधाराने त्यांना स्वतःच सावकाश उठू द्यावे. आपण खुर्ची धरून ठेवावी.

दुसरी गोष्ट तपासणीची. फॉर्म्युला वनमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडचा धक्का बसला की गाडीवरचा सूचक दिवा लागतो आणि चालकाला कसे वाटते याचा विचार न करता त्याला वैद्यकीय तपासणीस जावे लागते. आपणही काही नियम ठरवून घ्यावेत. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उलटी, आकडी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेपण किंवा अशक्तपणा दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. पडल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी आणि पुढील सहा ते आठ आठवडे लक्ष ठेवावे.

तिसरी गोष्ट कारण शोधण्याची. आडवे असताना व उभे राहिल्यावर रक्तदाब मोजून घ्यावा. रक्तातील साखर, नवे औषध, झोपेची गोळी, हृदयाची अनियमित गती, लघवीचा संसर्ग, चष्मा, पायातील सपाता, रात्रीचा अंधार यांपैकी काहीही पडण्याच्या मुळाशी असू शकते. नुसते ‘घसरलो’ म्हणून प्रकरण मिटवू नये.

शेवटची विनंती काळजी घेणाऱ्यांना. शर्यतीच्या गाडीतील उपकरणे प्रत्येक धक्क्याची नोंद ठेवतात, त्यामुळे चालकाला काही लपवता येत नाही. आपल्या घरात अशी उपकरणे नाहीत. पडलेल्या माणसाने स्वतः सांगितले तरच आपल्याला कळते. आई किंवा बाबा पडल्याचे कानी येताच आपले पहिले वाक्य ‘तरी सांगत होतो, एकट्याने उठू नका’ असे असेल, तर पुढच्या वेळी ते आपल्याला सांगणार नाहीत. बाहेर फिरायला जाणे बंद होईल, घरात पहारा बसेल, या भीतीने अनेक वृद्ध पडणे लपवतात. म्हणून आधी ‘कुठे दुखतंय?’ असे विचारावे. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही त्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. गेल्या महिन्याभरात आपण कोठे पडला असाल आणि घरी सांगितले नसेल, तर ते आजच सांगावे.