तिशीतील स्त्री आणि लष्कराचे दार

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जालना शहरातील मैदानांवर आणि अंबड, भोकरदन, मंठा या तालुक्यांतील सडकांच्या कडेने पहाटेच्या अंधारात धावणारी तरुण मंडळी दिसू लागतात. त्यांत मुली असतात, तशा तिशीला टेकलेल्या, लेकरांना सासूजवळ निजवून आलेल्या स्त्रियाही असतात. कारण मागासवर्गीय उमेदवारांना पोलीस शिपायाच्या भरतीत ३३ वर्षांपर्यंत वाव आहे. पोलिसात जाता येते तर सैन्यात का नाही, हा प्रश्न अशा स्त्रीच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला आज दोन उत्तरे मिळतात. १५ ऑगस्टच्या व्यासपीठावरील वक्ता झाशीच्या राणीचे नाव घेतो आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो. भरतीपूर्व प्रशिक्षणाचा फलक लावून बसलेला दुकानदार 'प्रयत्न करा, होईल' असे म्हणतो आणि शुल्काची पावती फाडतो. खरे उत्तर या दोघांपैकी कोणीच देत नाही, म्हणून ते कार्यकर्त्यांना द्यावे लागणार आहे. ते उत्तर असे की, तिसाव्या वर्षी सामान्य स्त्रीला सैन्यात शिपाई म्हणून घेतच नाहीत.

नियम पाहावेत. १९५०च्या सेना कायद्याचे १२ वे कलम सांगते की केंद्र सरकार ज्या विभागांपुरती अधिसूचना काढील तेवढे सोडून स्त्रीला सैन्यात भरती होता येणार नाही. म्हणजे बंदी हा नियम आणि प्रवेश हा अपवाद. १९९२ पासून अधिकारी म्हणून स्त्रिया घेतल्या जाऊ लागल्या. परंतु साध्या शिपायाच्या हुद्द्यावर पहिल्या ८३ स्त्रिया लष्करी पोलीस दलातून बाहेर पडल्या त्या थेट मे २०२१ मध्ये. स्वातंत्र्यानंतर त्याला ७४ वर्षे लागली. २०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा भरतीचे वय साडेसतरा ते एकवीस ठरले. त्या एका वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली गेली. शिवाय स्त्री अविवाहित हवी. उंची १६२ सेंटिमीटर हवी. महाराष्ट्रातील स्त्रीची सरासरी उंची याहून बरीच कमी आहे, हे मापपट्टी ठरवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. अधिकारी व्हायचे तर पदवी हवी आणि पंचविशी-सत्ताविशीच्या आत अर्ज हवा. जातीच्या आधारावर वयात सवलत मिळते ती पोलिसात, सैन्यात नाही.

आता या वेळापत्रकाशेजारी जालना जिल्ह्यातील स्त्रीच्या आयुष्याचे वेळापत्रक ठेवून पाहावे. अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुलींचे प्रमाण मराठवाड्यात राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. जी मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी बोहल्यावर चढते ती साडेसतराव्या वर्षी अविवाहित राहून भरतीच्या रांगेत उभी कशी राहणार? विशीत बाळंतपणे उरकतात. शाळा मध्येच सुटलेली असते. तिशीच्या आसपास थोरले लेकरू शाळेत रमते, धाकटे अंगावरून उतरते, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी हाती येते. स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेण्याची पहिली संधी तिला मिळते ती याच वयात, आणि नेमके याच वयात सरकार तिला सांगते की तुझी वेळ टळून गेली. ज्या काळात ती बापाच्या आणि नवऱ्याच्या ताब्यात होती तोच काळ सरकारने तिच्या 'निवडी'साठी मुक्रर केलेला आहे.

एका स्त्रीसाठी मात्र हे दार तिशीनंतरही उघडे आहे: सैनिकाच्या विधवेसाठी. सेवेत असताना मरण पावलेल्या सैनिकाच्या विधवेला अधिकारी होण्यासाठी पस्तिसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. लष्करी पोलिसांच्या शिपाई भरतीतही तिच्यासाठी वय तीसपर्यंत शिथिल केले गेले. महाराष्ट्राला ही उदाहरणे परिचित आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात मारले गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक या दोन मुलांच्या आई. पस्तिशी ओलांडलेली असल्याने त्यांच्यासाठी खास सवलत द्यावी लागली. चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेत विशीतल्या मुलींबरोबर त्यांनी पूर्ण प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. पुढे २०२० मध्ये गौरी महाडिक आणि कनिका राणे यांनीही पतीच्या मृत्यूनंतर हाच मार्ग चोखाळला. या तिघींच्या जिद्दीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पण त्यांच्या सत्काराच्या सभांत एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. पस्तिशी ओलांडलेल्या दोन मुलांच्या आईचे शरीर जर ते प्रशिक्षण पेलू शकते, तर तिशीतल्या दुसऱ्या स्त्रीचे शरीर ते पेलू शकणार नाही, असे कोणत्या वैद्यकशास्त्राच्या आधारे ठरले? शरीर तेच. फरक आहे तो नवऱ्याच्या मरणाचा. घनसावंगीच्या कर्जबाजारी शेतकऱ्याने गळफास घेतला तर त्याच्या विधवेच्या हाती राज्य सरकार एक लाख रुपये ठेवते आणि फाइल बंद करते. तिचे वय कोणी शिथिल करीत नाही. नवरा कुठे आणि कसा मेला यावर स्त्रीची पात्रता ठरणार असेल तर त्याला भरतीचा निकष म्हणता येत नाही. ते अनुकंपेचे वाटप झाले, आणि अनुकंपाही वर्ग पाहून केलेली. कारण अधिकारी होण्यासाठी पदवी आणि निवड मंडळापुढील इंग्रजी लागते; जवानाच्या खेड्यातील विधवेला त्या ३५ वर्षांचा उपयोग किती?

यावर सरकारी बाजूने जे युक्तिवाद केले जातात तेही तपासण्याजोगे आहेत. पहिला ताकदीचा. परतूर-मंठ्याकडून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी स्त्री तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मुकादमाच्या हिशेबात ती आणि तिचा नवरा मिळून एक 'कोयता' असतो. तिच्या ताकदीबद्दल साखर कारखान्याला कधी शंका आली नाही. दुसरा युक्तिवाद सैन्य तरुण ठेवण्याचा. अग्निपथ जाहीर झाली तेव्हा सैन्याचे सरासरी वय ३२ असल्याचे सेनाधिकाऱ्यांनीच सांगितले होते. म्हणजे तीस वर्षांची स्त्री त्या वेळच्या सरासरी जवानाहून दोन वर्षांनी लहान भरते! आणि ज्या नोकरीची मुदतच चार वर्षांची केली, तिथे तिसाव्या वर्षी आलेली व्यक्ती चौतिसाव्या वर्षी बाहेर पडेल. यात सैन्य म्हातारे होण्याचा संबंध येतो कुठे? ब्रिटनच्या सेनेत साधा शिपाई म्हणून वयाच्या ३५ वर्षे ६ महिन्यांपर्यंत दाखल होता येते. ज्यांच्याकडून या देशाने संचलनापासून भोजनगृहाच्या रीतींपर्यंत सारे उचलले, त्यांची ही एक रीत तेवढी नकोशी झाली.

तिसरा युक्तिवाद सर्वांत उर्मट. कायम कमिशनच्या खटल्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, आणि स्त्रीची आज्ञा पाळण्याची त्यांची मानसिक तयारी नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले, ते योग्यच झाले. परंतु खेड्यातील माणसाच्या नावावर दिल्लीतील आपला पूर्वग्रह खपवण्याची ही जुनी खोड आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कित्येक ठिकाणी कारभार नवराच पाहतो, हे खरे. पण जिथे बाई स्वतः कारभार पाहते तिथे गावाने पाणीपट्टी भरायचे बंद केलेले नाही.

सैन्याच्या दारावर 'तुम्ही लायक नाही' ही पाटी लावण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्यांच्यानंतर अनेकांना झगडावे लागले, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. मधल्या काळात महारांच्या मनगटात काही फरक पडला नव्हता. जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्ध हाती शस्त्र घेतले तेव्हा त्या तिशीच्या घरातच होत्या. सिंगापुरात झाशीची राणी पलटण उभी राहिली त्या वेळी, १९४३ मध्ये, कॅप्टन लक्ष्मी यांचेही वय तिशीच्या उंबरठ्यावरचे होते, आणि त्यांच्या पलटणीत मलायातील रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या मजूर बायका होत्या.

इथे पक्षातील काही सहकारी अस्वस्थ होतील. समाजवाद्यांनी लष्कर भरतीची वकिली करावी काय, असे ते विचारतील. आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यात शहरी सुस्थितीचा वास आहे. शांततावाद परवडणाऱ्यांची मुले सैन्यात जात नाहीत. कोरडवाहू गावांतली जातात. फ्रान्सचे समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी १९११ मध्ये सैन्यावर एक आख्खा ग्रंथ लिहिला. सैन्य नागरिकांपासून तुटलेली जमात होऊ नये, ते नागरिकांचेच असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि युद्धाला विरोध केल्याबद्दल १९१४ मध्ये त्यांचा खून झाला. युद्धखोरीला विरोध आणि सैन्यातील नोकरीवर समान हक्क, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात.

मात्र हक्क मागताना मिळणाऱ्या वस्तूची किंमतही पाहिली पाहिजे, आणि अर्थशास्त्राचा प्रश्न इथे येतो. समजा, उद्या वयाची अट उठली. त्या स्त्रीला मिळणार काय? पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यांपैकी हाती २१,०००. चार वर्षांनी चारांपैकी तिघींना घरचा रस्ता. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवानिधी म्हणून व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, आणि त्याच्या मुद्दलाचा निम्मा भाग तिच्याच पगारातून कापलेला असतो. ही रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर महिना ६,८०० रुपयांच्या आसपास व्याज येते. कायम नोकरी आणि म्हातारपणाची भाकरी हेच सैन्यात जाण्यामागचे गरिबाचे गणित होते, ते २०२२ मध्ये मोडले. वयाची अट उठवण्याची मागणी ही अग्निपथ रद्द करण्याच्या मागणीपासून वेगळी काढली तर हाती येईल ती चार वर्षांच्या कंत्राटावरील मजुरीतली समानता.

तेव्हा आज, नियम जसे आहेत तसे धरून, तिशीतल्या स्त्रीला काय सांगावे? सर्वप्रथम हे की गळ्यातली पोत गहाण ठेवून कोणत्याही प्रशिक्षण वर्गाचे पैसे भरू नयेत. आधी मूळ जाहिरात वाचावी, जन्मतारखेचा रकाना पाहावा, आणि वाचता येत नसेल तर कार्यकर्त्याने वाचून दाखवावी. ती बी.एस्सी. नर्सिंग झालेली असेल तर लष्करी परिचारिका सेवेत अल्पमुदतीच्या कमिशनसाठी २०२३च्या जाहिरातीत वयोमर्यादा ३५ होती. हा मार्ग तिच्यासाठी खरा आहे. (शुश्रूषा हे बायकांचे काम मानले गेल्यामुळेच इथे वय आडवे आले नाही, हेही लक्षात घ्यावे. याच सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून १९८८ मध्ये काढून टाकले होते. तो नियम १९९५ मध्ये रद्द झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६० लाखांची भरपाई दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, छत्तीस वर्षांनी.) डॉक्टर असेल तर एम.बी.बी.एस.ला तीस आणि पदव्युत्तर पदवीला पस्तीस ही मर्यादा असते. प्रादेशिक सेनेत अधिकारी म्हणून ४२ पर्यंत अर्ज करता येतो, पण त्यासाठी पदवी आणि आधीची नोकरी किंवा व्यवसाय लागतो. शिवाय २०२५च्या जाहिरातीतील १९ जागांपैकी स्त्रीसाठी होती एक. त्या एका जागेच्या भरवशावर कोणी जालन्याहून निघू नये. शिपायाची नोकरी हवी असेल आणि वय बसत असेल तर पोलीस भरती, जिथे ३० टक्के जागा स्त्रियांच्या आहेत; तिथले ८०० मीटर धावणे तिशीतल्या बाईच्या आवाक्यातले आहे.

लेकीचे मात्र वेगळे आहे. मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था औरंगाबादला १९७७ मध्ये निघाली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघायला २०२३ उजाडावे लागले. खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, १७ जणींची. धावून परतणाऱ्या आईने लेकीचे नाव तिथे घालावे. त्यासाठी ती अठराच्या आत बोहल्यावर चढणार नाही याची हमी गावातील कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे, आणि ही हमी निवेदन देण्याहून अवघड आहे. तरी निवेदनही द्यावेच. शिपाई भरतीत स्त्रीची वरची मर्यादा पस्तीस करावी, अविवाहित असण्याची अट काढावी, सैनिकाच्या विधवेला मिळणारी वयाची सवलत शेतकरी व मजुरांच्या विधवांनाही द्यावी, आणि चार वर्षांचे कंत्राट रद्द करून निवृत्तिवेतन परत आणावे. जिल्हाधिकारी कार्यालयावर हे निवेदन घेऊन जाताना पुढे त्या पहाटे धावणाऱ्या बायका असाव्यात आणि मागे पुढारी.