गाठ निघाली, तोल सावरायचा आहे

अकॉस्टिक न्यूरोमा ही कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवर वाढणारी गाठ. ती कर्करोगाची नसते, म्हणून ऑपरेशन झाले की ‘सुटलो’ असे घरच्यांना वाटते. पंचविशीतल्या रुग्णाची कसोटी मात्र तिथून सुरू होते. बहुधा त्या कानाने ऐकू येत नाही, अंधारात चालताना झोक जातो. चेहऱ्याची नस गाठीला खेटूनच असते. ती दुखावली तर पापणी मिटत नाही, डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून थेंब, मलम आणि रात्रीची पट्टी चुकवू नये.

तोल सावरतो तो हालचालीने. नजर एका जागी ठेवून डोके हलवणे, मान वळवत चालणे अशा व्यायामातून मेंदू दुसऱ्या कानाच्या भरवशावर नव्याने शिकतो. ऑपरेशन नागपुरात होईल, पण हे रोजचे व्यायाम कुहीतल्या घरीच करायचे असतात. ते शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्यालाच मिळायला हवा. चक्कर येणाऱ्याला दर वेळी एसटीत बसवणे बरे नव्हे.

शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा श्रवणदोष दोन्ही कानांचा धरतो. एका कानाने बहिरा झालेला तरुण त्या व्याख्येत बसत नाही. गोंगाटात, मुलाखतीत त्याची होणारी अडचण नियमांनी मोजलीच पाहिजे.