घरात एकाला जंत, तर औषध सगळ्यांना!

नांदेड-लातूरच्या पालकांनो, आश्रमशाळा-वसतिगृहांच्या अधीक्षकांनो,

मूल रात्री तळमळतं, शौचाची जागा खाजवतं, सकाळी चिडचिडतं. ‘गोड खाल्लं, जंत झाले’ म्हणत आपण त्याला एक गोळी देतो. काही आठवड्यांत खाज पुन्हा सुरू होते. हे जंत गोडानं होत नाहीत आणि ते एकट्या मुलापुरते राहतही नाहीत.

डॉक्टर यांना पिनवर्म म्हणतात. पांढऱ्या दोऱ्यासारखे, जेमतेम सेंटीमीटरभर. मादी रात्री गुदद्वारापाशी हजारो अंडी घालते. खाजवताना ती नखांत अडकतात, तिथून तोंडात जातात. अंथरुणातून शेजारी झोपलेल्या भावंडांपर्यंत पोहोचतात. अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात. म्हणूनच शिकवण्यांसाठी लातूरला दाटीवाटीनं राहणारी आणि किनवट-माहूरच्या आश्रमशाळांतली मुलं जपायला हवीत.

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना मिळणारी मोफत अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नका. पण ती जंत मारते, अंडी उरतात. म्हणून कळकळीची विनंती:

• प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्या. दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या. गरोदर बाई आणि दोन वर्षांखालील बाळाबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

• वाकळा, चादरी झटकू नका, अंडी उडतात. अलगद गुंडाळून गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा.

• नखं कापा. सकाळी उठताच आंघोळ घाला, चड्डी रोज बदला.

• २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याचं मोल शिकवायला नको. तरीही शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात धुण्यात काटकसर करू नका.

• वसतिगृहात एका मुलाला त्रास दिसला, तर सगळ्या खोलीची तपासणी करून घ्या, पालकांना कळवा.

मुलींच्या लघवीच्या जागीही या जंतांमुळे खाज येते. आयांनो, लाजेपायी गप्प बसू नका, मुलीला रागावू नका.

आज रात्रीच मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात त्याची शौचाची जागा पाहा. पांढरा दोरा वळवळताना दिसला, तर उद्या सकाळीच घरातल्या सर्वांसाठी औषध विचारायला दवाखाना गाठा.